तापाच्या दिवशीचा कागद

अमेरिकेत टिकेटमास्टरवर गाण्याच्या कार्यक्रमाचं किंवा सामन्याचं तिकीट काढताना, पैसे भरण्याच्या टप्प्यावर बऱ्याचदा एक चौकट समोर येते : तिकिटाचा विमा हवा का? तिथे हा विमा सहसा आलियान्झ कंपनीचा असतो. आजारपण, अपघात किंवा पॉलिसीत दिलेल्या अशाच ठरावीक कारणांमुळे जाता आलं नाही, तर तिकिटाची किंमत परत मिळते. मन बदललं किंवा बरोबरची मैत्रीण आली नाही, तर काही मिळत नाही. आजारपण सिद्ध कसं करायचं, हे मात्र पॉलिसीच्या आतल्या पानांत असतं. घाईत तिकीट काढणारा माणूस तिथवर पोचत नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एका मराठी घरात या चौकटीवरून रात्रीच्या जेवणानंतर वाद रंगला. एका बाजूला पुण्याहून आलेली आत्या. तिची सारी नोकरी सरकारी सर्वसाधारण विमा कंपनीच्या क्लेम विभागात झाली. दुसऱ्या बाजूला तिचा भाचा. तो तिथेच प्रायमरी केअरचा डॉक्टर आहे, म्हणजे आपल्याकडे ज्याला फॅमिली डॉक्टर म्हणतो तो. आत्याने आयुष्यभर वैद्यकीय दाखले तपासले, भाचा रोज दाखले लिहितो. टेबलाच्या दोन बाजू इतक्या नेमक्या समोरासमोर क्वचित येतात.

निमित्त भाच्याच्या एका रुग्णाचं. नाव त्याने आत्यालाही सांगितलं नाही. शुक्रवारी रात्री त्या माणसाला ताप भरला. टायलेनॉल घेऊन तो पडून राहिला, शनिवारचा कार्यक्रम बुडाला. पुढच्या शुक्रवारी तो विम्याचा फॉर्म घेऊन दवाखान्यात हजर झाला, तोवर खडखडीत बरा. म्हणाला, मी शनिवारी आजारी होतो, एवढं लिहून द्या.

"मग काय लिहिलंस?" आत्याने विचारलं.

"जे मला माहीत होतं तेवढंच. रुग्णाच्या सांगण्यानुसार अमुक तारखेला त्याला ताप होता. मी तपासलं त्या दिवशी ताप नव्हता."

"म्हणजे क्लेम गेला."

"बहुधा गेला. आणि मला ते चुकीचं वाटतं. माणूस खरंच आजारी होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फ्लूचा ताप असेल तर घरी झोपून राहणं हाच उपचार. तो त्याने केला. त्याने अंगात ताप असताना गाडी काढून माझ्या वेटिंग रूममध्ये यायचं, चार म्हाताऱ्यांना खोकून दाखवायचं, म्हणजे कंपनीला पुरावा मिळणार? शनिवारी आमचा दवाखाना बंद असतो. अर्जंट केअर दवाखान्यात गेला असता, तर त्याच्या आरोग्यविम्याचं डिडक्टिबल आधी खिशातून गेलं असतं. तिकिटाइतकेच पैसे पुरावा मिळवण्यात गेले असते."

अमेरिकेतल्या आरोग्यविम्यात वर्षाच्या सुरुवातीची ठरावीक रक्कम रुग्णाने स्वतः भरायची असते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना डॉक्टरचा मुद्दा चटकन पटेल. आत्याला तो पटला नाही.

"अरे, त्याच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचलंस का? कार्यक्रमाच्या आधी डॉक्टरने जाऊ नका असं सांगितलेलं हवं. ते जमलं नाही तर नंतर ठरावीक तासांत तपासून घ्यायचं. काही पॉलिसींत ही मुदत 72 तासांची असते. तो सहा दिवसांनी आला. ताप येतो आणि जातो, मागे काही ठेवत नाही. सहा दिवसांनी तुझ्यासारख्या चांगल्या डॉक्टरलाही काही दिसत नाही, मग हजार मैलांवर बसलेल्या क्लेमवाल्याला काय दिसणार?"

"माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा."

"तुझ्या शब्दावर मी ठेवीन. पण तू शब्द दिलासच कुठे? तू रुग्णाचा शब्द पुढे केलास. बरोबरच केलंस, पण मग पुरावा उरला नाही."

इथे आत्याने नोकरीतला एक अनुभव सांगितला. एका क्लेमला औषधांची बिलं जोडलेली होती. तारखा महिनाभरात विखुरलेल्या, पण बिलांचे क्रमांक लागोपाठ. महिनाभरात त्या दुकानात दुसरं एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं, असं मानावं लागलं असतं. सोबतच्या सर्टिफिकेटवर वर रुग्णाचं नाव, खाली डॉक्टरची सही आणि मधे एकच ओळ, रुग्ण माझ्या उपचाराखाली होता आणि त्याला विश्रांतीची गरज होती. कशाने आजारी, कधी तपासलं, ताप किती, काही नाही. "असे कागद हातांखालून गेले की खऱ्या आजाऱ्याचा कागदही माणूस उजेडात धरून बघतो. आणि तिकिटाच्या बाबतीत मोह मोठा असतो. पाऊस लागला, सोबतीचा बेत फिसकटला, दुसऱ्या दिवशी ऑफिसात मीटिंग लागली. अशा सगळ्यांना एका ओळीच्या दाखल्यावर पैसे दिले, तर पुढच्या वर्षी हप्ता वाढतो आणि तो खऱ्या आजाऱ्यालाही भरावा लागतो."

हा युक्तिवाद विमा कंपन्यांच्या सोयीचा आहे, म्हणून खोटा ठरत नाही. तिकिटांच्या किमती आता अशा झाल्या आहेत की मोह आणि नुकसान दोन्ही मोठे. टेलर स्विफ्टच्या 2023च्या अमेरिकी दौऱ्यात तिकिटांची मूळ किंमत 49 ते 449 डॉलर होती, पुनर्विक्रीत ती हजारांत गेली. आपल्याकडे जानेवारी 2025मध्ये कोल्डप्ले नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आलं, तेव्हा तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती. चौघांचं कुटुंब जाणार असेल आणि एकाला डेंगी झाला, तर हा आकडा किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. ऑगस्ट 2024मध्ये घातपाताच्या धोक्यामुळे टेलर स्विफ्टचे व्हिएन्नातले तीनही कार्यक्रम रद्द झाले, तेव्हा तिकिटांचे पैसे परत करणं आयोजकांचं काम होतं. तिथे प्रेक्षकाला काही सिद्ध करायचं नव्हतं. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होतो आणि फक्त आपल्यालाच जाता येत नाही, तेव्हा सिद्ध करण्याचं ओझं आपल्यावर येतं.

भाच्याने मग लॅपटॉपवर तसाच एक कोरा फॉर्म उघडला. उपचार करणाऱ्या डॉक्टरने भरायचा. रुग्णाचं नाव, जन्मतारीख. निदान. लक्षणं प्रथम कधी दिसली. रुग्णाने प्रथम सल्ला कधी घेतला. याच आजारासाठी आधी उपचार झाले होते का. आणि मग तो प्रश्न, ज्याच्यावर सगळं अडतं : तुम्ही रुग्णाला कार्यक्रमाला न जाण्याचा सल्ला दिला का, कोणत्या तारखेला? शेवटी सही, परवाना क्रमांक.

"हा प्रश्न बघ. कुठला डॉक्टर केसपेपरवर 'मैफलीला जाऊ नये' असं लिहितो? आम्ही लिहितो, विश्रांती घ्या, पाणी भरपूर प्या, चार दिवसांनी दाखवा. रुग्णाकडे तिकीट आहे हे मला माहीतच नसतं."

"मग रुग्णाने सांगायला नको?"

"सांगायला हवं. पण ताप चढलेला माणूस विम्याचा विचार करत नाही."

"तू कर. सोपं आहे. विश्रांती घ्या याच्यापुढे लिही, ताप उतरेपर्यंत गर्दीत जाऊ नका. ते वैद्यकीयदृष्ट्या खोटं आहे का?"

भाचा थांबला. खोटं तर नाहीच. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने मार्च 2024मध्ये श्वसनाच्या विषाणूंबद्दल जी सूचना दिली, ती हेच सांगते. औषध न घेता ताप उतरून आणि एकूण लक्षणं कमी होऊ लागून किमान 24 तास होईपर्यंत घरी राहा, इतरांपासून दूर राहा. ही ओळ तपासणीच्या नोंदीत असेल, तर हजारोंच्या स्टेडियममध्ये जायचं नव्हतं हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. क्लेमसाठी मागाहून लिहिलेल्या पानभर पत्रापेक्षा त्या दिवशीच्या नोंदीतल्या या एका ओळीचं वजन जास्त असतं.

"आणि तुझ्या त्या रुग्णाने दवाखान्यात यायलाच हवं होतं असं कोण म्हणतं?" आत्या पुढे म्हणाली. "तुमच्याकडे ते पोर्टल आहे ना, फोनवरून डॉक्टरला निरोप पाठवता येतो?"

आहे. मायचार्टसारख्या पोर्टलवर शनिवारी दुपारी त्याने लिहिलं असतं, 'काल रात्रीपासून ताप 102, आज संध्याकाळी कार्यक्रम आहे, जाऊ का?', तर तारीख-वेळेसकट नोंद झाली असती. सुट्टीच्या दिवशी बऱ्याच दवाखान्यांत फोनवर ऑन-कॉल डॉक्टर किंवा नर्स असतात. व्हिडिओवरची तपासणी तर कोविडनंतर सर्रास झाली आहे. अडचण एकच, डॉक्टरकडे रुग्ण ज्या राज्यात आहे तिथला परवाना लागतो. न्यू जर्सीचा माणूस कार्यक्रमासाठी लास व्हेगासला गेला आणि हॉटेलात आजारी पडला, तर घरच्या डॉक्टरला सहसा व्हिडिओवर तपासता येत नाही. तिथलंच अर्जंट केअर गाठावं लागतं.

कोणत्या पॉलिसीत पोर्टलवरचा निरोप चालतो आणि कोणत्या पॉलिसीत प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवरची तपासणीच लागते, हे शब्दांवर ठरतं. पण काहीच नसण्यापेक्षा तारीख पडलेला निरोप कधीही बरा, यावर दोघांचं एकमत झालं.

मतभेद पुन्हा पेटला तो निदानाच्या रकान्यावरून. आणि इथे डॉक्टर शांतपणे बोलायचं सोडून कळकळीने बोलू लागला.

"समज, एका बाईचा गर्भपात झाला. कार्यक्रमाला गेली नाही. शंभर-दोनशे डॉलरसाठी तिने हे अनोळखी माणसाला फॉर्मवर लिहून द्यायचं? कुणाला नैराश्याचा झटका आला, कुणाची केमोथेरपी चालू आहे. कंपनीला एवढंच कळलं पाहिजे की त्या तारखेला ती व्यक्ती वैद्यकीय कारणाने घराबाहेर पडू शकत नव्हती. कशामुळे, याच्याशी तिकिटाचा काय संबंध? इकडे 1996चा हिपा कायदा आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय मी कंपनीला एक अक्षर पाठवत नाही. पण संमतीची सही फॉर्मच्या तळाशीच असते. पैसे हवे असतील तर सही कर. ही कसली संमती?"

"निदान लागतं रे," आत्या म्हणाली, पण आवाज खाली आला होता. "काही आजार पॉलिसीतून वगळलेले असतात. आधीपासूनचा आजार असेल तर वेगळी अट असते. निदान न बघता क्लेम पास केला, तर ऑडिटवाला मला धरतो."

"ब्रिटनमध्ये सात दिवसांपर्यंतच्या आजारपणात नोकरदार माणूस स्वतःच लिहून देतो, मी आजारी होतो. त्यानंतर डॉक्टरची फिट नोट लागते. 2022पासून ती नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्टही देऊ शकतात. पगारासाठी जे चालतं ते तिकिटासाठी का चालू नये?"

"कारण तिथे साहेब त्या माणसाला रोज बघतो. कोण नेहमी सोमवारी आजारी पडतं, हे त्याला ठाऊक असतं. विमा कंपनीने गिऱ्हाइकाचं तोंडही पाहिलेलं नसतं."

हे उत्तर चोख आहे, पण बाईच्या गर्भपाताचा प्रश्न त्याने सुटत नाही. तो सुटावा असं ज्या कंपनीला वाटेल, तिने लहान रकमेच्या क्लेमसाठी निदानाचा रकाना काढून टाकावा आणि तपासणीची तारीख, घरी राहण्याचा सल्ला आणि वगळलेल्या आजारांपैकी हा आजार नाही, अशी डॉक्टरची ग्वाही एवढ्यावर काम चालवावं. क्लेम तपासणाऱ्याला जे हवं ते त्यात सगळं येतं. आत्याला हा तोडगा ऐकवला तेव्हा ती म्हणाली, "ऑडिटला चालेल असं लिहिलं तर चालेल." आयुष्यभर क्लेम विभागात काढलेल्या बाईकडून ही मोठीच कबुली.

तोवर रुग्णानेही स्वतःपुरती काळजी घेता येते. सगळी फाइल कधी पाठवू नये. पोर्टलवरून नोंद उतरवली की तिच्यासोबत जुने आजार, चालू औषधं, मानसोपचाराची नोंदही येऊ शकते. फक्त त्या भेटीचा सारांश मागावा, तो पुरतो का ते आधी कंपनीला विचारावं. 2021पासून अमेरिकेत डॉक्टरच्या नोंदी रुग्णाला विनाविलंब दिसल्या पाहिजेत असा नियम आहे, त्यामुळे कागदासाठी दवाखान्यात खेटे घालण्याची वेळ पूर्वीसारखी येत नाही.

मराठी कुटुंबांपुढे येणारी खरी गुंतागुंत आणखी वेगळी. तो विषय आत्याने काढला. अशा बऱ्याच पॉलिसींत जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपणही धरलं जातं. वडील नाशिकला आयसीयूत आणि लेक न्यू जर्सीत, तिकीट शनिवारचं. ती शुक्रवारी विमानात बसते. तिचा क्लेम रास्त आहे, पण कागद नाशिकहून यायचे आहेत. डिस्चार्ज कार्ड तर रुग्ण घरी गेल्यावर मिळणार.

"त्यासाठी थांबायचं नाही," आत्या म्हणाली. "रुग्ण दाखल असतानाच हॉस्पिटलच्या लेटरहेडवर लिहून घ्यायचं, अमुक तारखेपासून दाखल आहे, प्रकृती गंभीर आहे. तारीख, सही, शिक्का आणि डॉक्टरचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. परवाना क्रमांकाच्या रकान्यात तोच जातो. आपल्याकडे डिस्चार्ज कार्ड बहुधा इंग्रजीत असतं, तो त्रास नाही. त्रास नावांचा. लेकीचं आडनाव लग्नानंतर बदललेलं, वडिलांचं नाव कार्डावर एका स्पेलिंगने आणि आधारवर दुसऱ्या. बाप-लेकीचं नातं दाखवायला भारतीय पासपोर्टचं शेवटचं पान उपयोगी पडतं, तिथे वडिलांचं नाव असतं."

हॉस्पिटल कागद द्यायला टाळाटाळ करू लागलं तर? भारतात 2002चे वैद्यकीय आचारनियम आजही लागू आहेत. 2023मध्ये आणलेले नवे नियम त्याच महिन्यात स्थगित झाले. 2002च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने नोंदी मागितल्या, तर पोच देऊन 72 तासांत त्या द्यायच्या असतात. दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या असतात. दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची रजिस्टरमध्ये नोंद, त्याची प्रत, रुग्णाची सही आणि ओळखीची एक तरी खूण ठेवायची असते. खोटं किंवा दिशाभूल करणारं सर्टिफिकेट दिल्याचं सिद्ध झालं, तर डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काढता येतं. त्याच्याही आधी, 1996मध्ये, रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णाला केसपेपरच्या प्रती मिळाल्याच पाहिजेत असं सांगितलं होतं.

"म्हणून ओळखीच्या डॉक्टरला 'मागची तारीख टाकून द्या' असं म्हणू नये," भाचा म्हणाला. "दोनशे डॉलरच्या तिकिटासाठी आपण त्याचं लायसन्स मागत असतो. मला लोक इतक्या सहज विचारतात की वाईट वाटतं."

"आणि लॅबचा रिपोर्ट असला तर तोच आधी लावावा," आत्याने जोडलं. "त्यावर रक्त घेतल्याची वेळ छापलेली असते. डेंगीची एनएस वन चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगाची, नंतर अँटीबॉडी बघतात. तो कागद क्लेमसाठी कुणी बनवलेला नसतो, उपचारासाठी केलेला असतो. आम्ही त्याच्यावर लगेच विश्वास ठेवायचो."

शेवटी भाच्याने एक प्रश्न टाकला आणि त्याला आत्याकडे उत्तर नव्हतं. हे सगळं, म्हणजे आधी डॉक्टरला विचारा, इतक्या तासांत तपासून घ्या, तारखेसह सल्ला लिहून घ्या, हे त्या चौकटीशेजारीच तीन ओळींत का लिहीत नाहीत? विमा घेतानाच माणसाला कळलं असतं, तर भाच्याचा तो रुग्ण शनिवारीच पोर्टलवर दोन ओळी टाकून मोकळा झाला असता.

ही मागणी रास्त आहे. पुराव्याची वेळ पाळायला लावणारी आत्या बरोबर आहे, पण ज्या नियमावर क्लेम उभा राहतो किंवा पडतो, तो नियम पैसे घेताना डोळ्यांसमोर ठेवणं ही कंपनीची जबाबदारी आहे. भारतात विमा नियामक आयआरडीएआयने 11 जून 2024च्या परिपत्रकात सर्वसाधारण विमा कंपन्यांना बजावलं आहे की केवळ कागदपत्रं नाहीत म्हणून क्लेम नाकारायचा नाही आणि क्लेमशी संबंध असलेले आवश्यक तेवढेच कागद मागायचे. आपल्याकडे तिकिटाचा असा विमा घेणाऱ्याने हे परिपत्रक लक्षात ठेवावं.

क्लेम नाकारला गेला, तर कोणत्या अटीखाली नाकारला ते लेखी मागून घ्या. न्यू जर्सीत राज्याच्या बँकिंग आणि विमा विभागाकडे तक्रार करता येते. भारतात आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.